प्रेट्झेल, ब्रेत्सल की ब्रेत्सन? पाटीवर नक्की काय लिहावं?

आंबेमोहोर

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीने कोथरूडमध्ये छोटी बेकरी सुरू केली आहे. खारी, टोस्ट, नानकटाई यांच्या जोडीला ती जर्मन पद्धतीचा गाठीचा खारा पावही करते. तोच तो, तपकिरी, चकचकीत, वर जाडं मीठ टोचलेला. दुकानाची पाटी आणि पाकिटावरची चिठ्ठी मराठीत करायची आहे, आणि नाव कसं लिहायचं यावर घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते प्रेट्झेल, कारण गिऱ्हाईक तेच म्हणतं. माझं मत ब्रेत्सल, कारण पदार्थ तिथला आहे.

बाजारात पाहिलं तर प्रेट्झेल, प्रेट्झल, प्रेत्झेल, प्रेटझेल, सगळंच दिसतं. एकाच दुकानात दोन पाकिटांवर दोन तऱ्हा. रोमन लिपीतही कुठे पी, कुठे बी. कुठे टीझेड, कुठे नुसता झेड. ह्यातलं बरोबर कुठलं? आणि मुळात एवढी रूपं आली कुठून? तो, ती की ते, हेही सांगा. जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर बरं होईल.

उगाच_एक

कडबोळं लिहा. विषय संपला.

आजीची_भाजणी

@उगाच_एक, कडबोळं भाजणीचं असतं आणि तळलेलं असतं. हा मैद्याचा, यीस्ट घालून फुगवलेला आणि भट्टीत भाजलेला पाव. नुसत्या आकारावरून नाव द्यायचं तर चकली आणि जिलबीचं नावही एकच ठेवावं लागेल.

निळी_शाई

मुळापासून सुरू करते. लॅटिनमध्ये बाहूला ‘ब्राकियम’ म्हणतात. छातीवर एकमेकांवर दुमडलेल्या हातांसारखा आकार, म्हणून त्या शब्दावरून या पावाचं नाव पडलं आणि जुन्या जर्मनमध्ये शिरलं. म्हणजे मुळात ‘ब’च आहे. एका भिक्षूने प्रार्थना पाठ करणाऱ्या मुलांना बक्षीस म्हणून हा पाव दिला आणि तो इसवी सन ६१० होता, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. तिला त्या काळातला काहीही पुरावा नाही, तेव्हा पाकिटावर ती छापू नका. पक्का पुरावा हवा असेल तर आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सास प्रांतातल्या होहेनबुर्ग मठात हेराड नावाच्या मठाधिपतीच्या देखरेखीखाली १२व्या शतकात तयार झालेली ‘होर्तुस देलिचियारुम’ ही सचित्र पोथी आहे. त्यातल्या मेजवानीच्या चित्रात टेबलावर हा गाठीचा पाव स्पष्ट दिसतो. मूळ पोथी १८७० मध्ये स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळाली, पण आधी करून ठेवलेल्या नकलांमुळे चित्रं वाचली.

आता रूपांकडे. प्रमाण जर्मनमध्ये ‘ब्रेत्सल’, त्यातला ए दीर्घ. जर्मन लेखनात दीर्घ स्वरानंतर नुसता झेड येतो आणि ऱ्हस्व स्वरानंतर टीझेड. फ्रेंचमध्ये आणि अल्सासमध्ये टीझेड घालून लिहितात, पण सुरुवातीचा ‘ब’ ठेवतात. बव्हेरियात ‘ब्रेत्सन’ किंवा ‘ब्रेत्से’. हंगेरीत ‘पेरेत्स’, पोलंडमध्ये ‘प्रेत्सेल’, चेकमध्ये ‘प्रेत्स्लीक’.

इंग्रजीत ‘प’ का आला? दक्षिण जर्मन बोलींत ‘ब’ आपल्यासारखा घोष नसतो, तो हलक्या ‘प’कडे झुकतो. त्या भागातली माणसं अमेरिकेत गेली आणि इंग्रजी कानांनी प ऐकला.

आणि ‘त्स’ हा आवाज मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘चाक’, ‘चोर’, ‘चमचा’ यांतला च म्हणजे हाच आवाज (‘चार’मधला नव्हे). जर्मन शिकताना इंग्रजी माध्यमातली मुलं या झेडला अडखळतात, आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे.

पोटोबा

@निळी_शाई, माहिती फार आवडली, पण पाटीसाठी मला ती लागू वाटत नाही. इटालियन माणूस ‘पित्सा’ म्हणतो. आपण पिझ्झा लिहितो आणि सुखाने खातो. मोत्सार्टचा मोझार्ट झाला, नात्सींचे नाझी झाले. परकीय शब्दात झेड दिसला की मराठीत झ येतो, ही आपल्या लेखनाची मळलेली वाट आहे. पाटी गिऱ्हाइकासाठी असते. प्रेट्झेल लिहा. बहीण बरोबर आहे.

निळी_शाई

पिझ्झा रुळला, त्याबद्दल वाद नाही. पण गंमत अशी की इंग्रजीतसुद्धा या पावाचा उच्चार ‘प्रेट्सल’ होतो. झ जर्मनमध्ये नाही आणि इंग्रजीतही नाही, तो फक्त अक्षर बघून आलेला आहे. आंबेमोहोर यांना एकाच दुकानात दोन लेखनं दिसली, म्हणजे मराठीत अजून काही ठरलेलं नाही. ठरायचं आहे तोवर उच्चाराला धरून असलेलं रूप पुढे करावं, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या पिढीला पुसावं लागणार नाही.

इझारकाठ

म्युनिकमधून लिहितोय. मंडळी, इथे हा नुसत्या लेखनाचा प्रश्न नाही. नाव बदललं की वस्तूही बदलते.

बव्हेरियातल्या ब्रेत्सनचे हात बऱ्यापैकी जाड असतात आणि पोटाला सुरी लावत नाहीत. भट्टीत ते आपोआप फाटतं, त्यामुळे भेग वेडीवाकडी, खडबडीत. आतून मऊ, एकसारखं. श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या बाजूला, हात सुतळीसारखे बारीक आणि कडक, पोट मात्र गुबगुबीत, आणि त्यावर पात्याने सरळ चीर दिलेली. त्यांच्या पिठात लोणी किंवा चरबीही जास्त असते. इथल्या बेकरीत शिरून मी ‘ब्रेत्सल’ म्हटलं तर देतात, पण माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळतं.

आणि लेखनावर सगळे भांडतात ना, तर ऐका. युरोपीय संघाने २०१४ मध्ये बव्हेरियाच्या या पावाला भौगोलिक संरक्षण दिलं, आपल्याकडे जीआय मिळतं तसं. नोंदणी एका नावाने झालेली नाही, चार नावांनी झालेली आहे: ब्रेत्से, ब्रेत्सन, मध्ये अपॉस्ट्रॉफी घातलेलं ब्रेत्स’न, आणि ब्रेत्सल. सगळ्यांच्या आधी ‘बव्हेरियन’. म्हणजे सरकारी दप्तरातसुद्धा एक लेखन ठरलं नाही, चारही ठेवली.

उगाच_एक

चार नावांनी एकच सातबारा. हे आवडलं.

नेकरतीर

स्टुटगार्टकर हजर आहे, त्यामुळे @इझारकाठ यांना मैदान मोकळं मिळणार नाही.

श्वाबियातली चीर शोभेची नाही. बारीक हात करकरीत व्हायला भट्टी कडक लागते. तेवढ्या वेळात जाड पोट कुठूनही फुटू नये म्हणून त्याला वाट करून देतात. एकाच पावात एका घासाला कुरकुरीत आणि दुसऱ्या घासाला लुसलुशीत मिळतं, ते बव्हेरियन ब्रेत्सनमध्ये नाही. सकाळी कामावर जाताना ती आडवी कापून आत लोणी लावलेली बुटरब्रेत्सल घ्यायची, हा इथला नाश्ता. शाकाहारी माणसाची यावर उत्तम सोय होते. माझे आईवडील आले होते तेव्हा आईला जर्मन जेवणातलं दुसरं काही फारसं रुचलं नाही, ही मात्र ती रोज मागायची. चहात बुडवून.

आमच्याकडे बाड उराखच्या बेकऱ्याची गोष्ट सांगतात. त्याच्यावर राजाची इतराजी झाली. राजा म्हणाला, ज्यातून सूर्य तीन वेळा दिसेल असा पाव करून आण, तर जीव वाचेल. म्हणून ती तीन भोकं. दंतकथाच आहे, पण मुलांना सांगायला छान.

जाता जाता, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या पाटीवर श्वाबियन ब्रेत्सललाच मान मिळायला हवा.

इझारकाठ

कोथरूड पुण्यात आहे हो! :)

दंतकथा आमच्याकडेही आहे. म्युनिकच्या एका कॉफीगृहातल्या बेकऱ्याने फेब्रुवारी १८३९ मध्ये साखरेच्या पाण्याऐवजी भांडी-ट्रे घासायचं खाराचं पाणी चुकून पावावर फासलं, आणि तपकिरी ब्रेत्सन जन्माला आली. म्युनिकमध्ये हे सगळे अभिमानाने सांगतात. आणि ती पहिली ब्रेत्सन चाखणारा पाहुणा कोण, तर व्युर्टेम्बर्गचा राजदूत, म्हणजे @नेकरतीर यांच्याच राज्याचा.

आजीची_भाजणी

खाराचं पाणी म्हणजे काय? पापडखारासारखं काही? मी घरी एकदा सोड्याच्या पाण्यात उकळून केले होते. चव बरी आली, पण रंग बिस्किटाचा. तो गडद तपकिरी रंग काही आला नाही.

रसायनी

@आजीची_भाजणी ताई, याचं उत्तर खारातच आहे. तिथले बेकर कॉस्टिक सोडा वापरतात, सोडियम हायड्रॉक्साइड. साबण करायला लागतो तोच, पण खाद्य दर्जाचा. साधारण ४ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे एक लिटर थंड पाण्यात ४० ग्रॅम. त्यात गोळा काही सेकंद बुडवून काढायचा आणि भाजायचा. खारामुळे पृष्ठभागावरचा स्टार्च चिकट होऊन त्याची चकाकी येते, आणि पिठातली प्रथिनं व साखर यांची तपकिरी रंग देणारी प्रक्रिया (माइयार म्हणतात तिला) खूप वेगाने होते. तो विशिष्ट वासही तिथूनच येतो. खाण्याचा सोडा याच्यापुढे फारच सौम्य खार आहे, म्हणून तुमचा रंग फिकट राहिला.

खाल्ल्यावर अपाय होत नाही, कारण भट्टीत उरलेला खार कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट बनतो. पण हाताळताना मात्र गंमत नको. हातमोजे आणि चष्मा हवेतच. नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको, तो खार ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सुटतो. ट्रेसुद्धा बघून घ्या. घरात लहान मूल असेल तर ह्या वाटेला जाऊच नये.

घरगुती मधला मार्ग आहे. खाण्याचा सोडा ट्रेवर पसरून ओव्हनमध्ये १३०-१४० अंशांना तासभर भाजायचा. त्यातलं पाणी आणि वायू उडून सोडियम कार्बोनेट उरतं. ते सोड्यापेक्षा बरंच तीव्र असतं, रंग बराच जवळ जातो. हेही नुसत्या हातांनी चिवडू नका. पापडखाराचं मिश्रण दुकानागणिक बदलतं, त्यामुळे त्याचं प्रमाण मी सांगणार नाही.

आजीची_भाजणी

भाजलेला सोडा! लिहून ठेवलं. रविवारी करून बघते.

चाकणची_गाडी

थोडं अवांतर, पण नावाशी संबंधित. जुन्या फोक्सवॅगन बीटलची मागची काच १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची होती, मध्ये पट्टी. ती बाहेरून बघताना ह्या पावाच्या भोकांसारखी दिसते, म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन त्या मॉडेलला ‘ब्रेत्सलकेफर’ म्हणतात. १९५३ च्या मार्चनंतर अखंड लंबगोल काच आली. आमच्या कंपनीत येणारे जर्मन सहकारी ह्या गाडीचं नाव काढलं की खुलतात.

पेनसिल्व्हेनियाकर

सगळे ब्रेत्सल-ब्रेत्सन करताय, मला ‘प्रेट्झेल’ची बाजू मांडू द्या. इंग्रजी नाव हे चुकीचं किंवा बिघडलेलं जर्मन नाव नाही. त्याच्या मागे स्वतंत्र पदार्थ आणि दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे.

पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन भाषक लोकांनी तो इकडे आणला. लिटिट्झ गावात ज्युलियस स्टर्जिसने १८६१ मध्ये प्रेट्झेलची बेकरी काढली, ती अमेरिकेतली पहिली व्यापारी प्रेट्झेल बेकरी मानतात. जुनी दगडी इमारत अजून आहे, तिथे पाहुण्यांना हाताने गाठ मारायला शिकवतात. माझ्या मुलीला पहिल्या फटक्यात जमलं, मला बराच वेळ लागला. खडखडीत वाळवलेला, डब्यात महिनोन्महिने टिकणारा छोटा प्रेट्झेल ही इथली देणगी आहे. जर्मनीतल्या बेकरीतला पाव संध्याकाळपर्यंत वातड होतो, हा मात्र मालगाडीतून देशभर गेला. रेडिंग शहराला तर ‘प्रेट्झेल सिटी’च म्हणत. भारतात आपण लहानपणी परदेशातून आलेल्या पाकिटात जे पाहिलं ते हेच. अध्यक्ष बुश २००२ मध्ये फुटबॉल बघताना ज्याने ठसका लागून बेशुद्ध पडले, तेही हेच.

फिलाडेल्फियात तिसराच प्रकार. मऊ, इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा लांबट, एकमेकांना चिकटवून भाजलेला. लादीपाव सोडवावा तसे ओढून सुटे करायचे आणि पिवळी मोहरी लावून खायचे. तेव्हा @निळी_शाई, ‘प’ वाला शब्द पुसून टाकू नका. त्या ‘प’ला स्वतःचं गाव आहे.

निळी_शाई

@पेनसिल्व्हेनियाकर, हा मुद्दा पूर्ण मान्य. कडक पाकीटवाला तो प्रेट्झेल आणि बेकरीतली ताजी ती ब्रेत्सल, अशी वाटणी मराठीत सहज होऊ शकते. मला ती आवडेलही.

क्राकोवासी

पोलंडमधून. क्राकोत रस्त्याच्या कोपऱ्यावर निळ्या हातगाड्या असतात, त्यांवर ‘ओब्वाझानेक’ मिळतं. दोन दोऱ्या पिळून केलेलं कडं, आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात, वर तीळ, खसखस किंवा मीठ. २०१० पासून यालाही युरोपीय संरक्षण आहे. पण गंमत म्हणजे इथली कितीतरी माणसं बोलताना त्याला ‘प्रेत्सेल’च म्हणतात, गाठ नसली तरी! नाव आकार सोडून भटकतं ते असं. पक्का क्राकोकर त्यावर चिडतो.

लक्झेंबर्गची_लेक

माझ्याकडून गोड आवृत्ती. इथे ‘ब्रेत्सल’ म्हटलं की डोळ्यांपुढे खारं येत नाही, साखरेचा लेप आणि बदाम लावलेलं पेस्ट्रीचं येतं. लेंटच्या उपवासकाळाच्या मध्यावर एक ब्रेत्सल-रविवार असतो. त्या दिवशी मुलगा मुलीला ही गोड ब्रेत्सल देतो. तिच्या मनात असेल तर ती ईस्टरला त्याला अंडं देते. लीप वर्षात उलट, मुली देतात. ऑफिसात तेव्हा बदाम लावलेल्या ब्रेत्सलांचे खोके फिरत असतात.

पोटोबा

आता मला भूक लागली आहे आणि आसपास यातलं काहीच मिळत नाही. तरी माझं मत बदललेलं नाही. ओळखीचं नाव विकलं जातं.

नेकरतीर

@आंबेमोहोर, इतकं वाचल्यावर एकच विचारतो. बहीण नक्की कुठल्या घाटाची करते? हात बारीक की जाड? पोटाला चीर देते का? पिठात लोणी घालते का? त्यावर नाव ठरेल.

आंबेमोहोर

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बहिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती चीर देते, ब्लेडने, आडवी. हात बारीक. लोणी घालते. जर्मन शिकताना तिच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई श्वाबियाच्या होत्या, त्यांनी कृती दिली होती.

नेकरतीर

!!! ब्रेत्सल. श्वाबियन. निकाल लागला.

इझारकाठ

हार मान्य नाही, पण नाव बरोबर आहे. चिरलेल्या पावाला ब्रेत्सन म्हणू नये.

निळी_शाई

मग लिंगाचंही उरकून टाकू. जर्मनमध्ये ती स्त्रीलिंगी आहे. फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, पण अल्सासची माणसं फ्रेंच बोलतानाही स्त्रीलिंगीच वापरतात आणि त्यावरून पॅरिसवाल्यांशी हुज्जत घालतात. मराठीत भेळ, मिसळ, उसळ यांच्या पंगतीत ‘ती ब्रेत्सल’ छान बसते. अनेकवचनाची काळजी नको. काउंटरवर माणूस ‘दोन भेळ द्या’ म्हणतो तसं ‘दोन ब्रेत्सल द्या’ म्हणेल.

पोटोबा

एवढं तरी करा, खाली बारीक अक्षरांत प्रेट्झेल लिहा. रस्त्याने जाणाऱ्याला कळायला हवं की आत काय मिळतं.

आंबेमोहोर

हे दोघींनाही पटलंय. मोठ्या अक्षरांत ‘श्वाबियन ब्रेत्सल’, खाली ‘खारा जर्मन प्रेट्झेल’. रंगाऱ्याला उद्याच मजकूर देते.

@रसायनी, बहिणीचा एक प्रश्न आहे. पावसाळ्यात वरचं मीठ विरघळतं, पावावर ओले डाग पडतात आणि साल सुरकुतते. सकाळी केलेला माल दुपारी दाखवण्यासारखा राहत नाही. यावर काही उपाय?

रसायनी

मीठ हवेतलं आणि पावातलं, दोन्हीकडचं पाणी ओढतं. दमट हवेत हे होणारच. म्हणून तीन गोष्टी करा. खडे जितके मोठे आणि कोरडे तितके हळू विरघळतात, बारीक मीठ वापरू नका. भाजून झाल्यावर जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात घातलं की आतल्या वाफेनेच साल मऊ पडते. आणि सगळा माल सकाळी भाजू नका. गाठी मारून, खारात न बुडवता, फ्रीजमध्ये ठेवून द्या. गार पीठ टणक असल्याने बुडवायला उलट सोपं जातं. मग दुपारी आणि संध्याकाळी लागेल तशी एकेक ट्रे बुडवून, मीठ लावून भाजा. जून ते सप्टेंबर निम्मा माल मिठाऐवजी तीळ लावून करायलाही हरकत नाही, जर्मनीतही तिळाच्या मिळतात.

नेकरतीर

भोपळ्याच्या बियांच्याही मिळतात. आणि आतून लोणी लावायचं असेल तर गिऱ्हाईक समोर आल्यावरच कापा, आधी नाही.